सुपरचार्जरचा बेल्ट ओरडतोय? आधी पुल्या तपासा

जुलैतली पावसाळी सकाळ. गाडी सुरू केली आणि पहिला मिनिटभर असा आवाज आला की सोसायटीचे वॉचमन काका टॉर्च घेऊन धावत आले. म्हणाले, "साहेब, बॉनेटखाली मांजर अडकलंय, आधी बंद करा." बॉनेट उघडून दोघांनी वाकून पाहिलं. मांजर नव्हतं. गाडी गरम झाल्यावर आवाजही गेला, म्हणून मी विषय सोडला. पुढच्या रविवारी कात्रजच्या जुन्या घाटात अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, तेव्हा तोच आवाज परत आला आणि या वेळी ताकदही गायब होती.

माझी गाडी म्हणजे सेकंडहँड मर्सिडीज सी २०० कंप्रेसर, २००७ सालची. 'कंप्रेसर' हे जर्मन लोकांनी सुपरचार्जरला, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंपाला, दिलेलं नाव, त्याचा एसीच्या कॉम्प्रेसरशी संबंध नाही. (स्पेअर पार्टच्या दुकानात या एका नावाने जो गोंधळ होतो तो बघण्यासारखा असतो.) १९२१ सालच्या बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीजने पहिल्या कंप्रेसर गाड्या मांडल्या, तेव्हापासून हे नाव चालू आहे. आपल्याकडच्या या पिढीच्या सी-क्लास गाड्या पिंपरीत जोडलेल्या आहेत, चाकणचा कारखाना २००९चा. आता त्या सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळतात, त्यामुळे पहिल्यांदाच पाना हातात घेणाऱ्यांकडेही जातात. हा लेख त्यांच्यासाठी. पुल्यांची मांडणी वेगळी असली तरी बेल्टवर चालणाऱ्या इतर सुपरचार्जरलाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

आवाजावर उपाय म्हणून मी आधी एका गॅरेजमध्ये बेल्टवर स्प्रे मारून घेतला, मग नवा बेल्ट टाकून घेतला, आणि तीन महिन्यांत तो बेल्टही ओरडायला लागला. ओरडतो बेल्ट, पण दुखणं बहुतेक वेळा पुलीत, टेन्शनरमध्ये किंवा वरून ठिबकणाऱ्या तेलात असतं. बेल्ट सगळ्यांत स्वस्त आणि बदलायला सोपा, म्हणून तोच आधी बदलला जातो.

आधी बेल्टवर किती ओझं आहे ते समजून घ्या

बॉनेट उघडून पुढे रेडिएटरच्या बाजूने पाहा. एकच लांब, आतून उभ्या रेघांचा बेल्ट वळणं घेत फिरतो. खाली क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याची, पुली त्याला ओढते. तो अल्टरनेटर, पॉवर स्टिअरिंगचा पंप, एसी, पाण्याचा पंप आणि सुपरचार्जर फिरवतो. मधे एक-दोन आयडलर पुल्या नुसती दिशा द्यायला आणि एक स्प्रिंगवाला टेन्शनर ताण धरायला.

या इंजिनावर, म्हणजे एम २७१ वर, ईटन कंपनीचा एम ४५ सुपरचार्जर बसतो. ४५ म्हणजे एका फेऱ्यात ४५ घन इंच, सुमारे ७३७ सीसी हवा. इंजिन १,७९६ सीसीचं, म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्यात ते साधारण ८९८ सीसी हवा घेतं. समजा सुपरचार्जर क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरतोय, तर तो त्याच फेऱ्यात जवळपास दीड लिटर हवा पुढे ढकलतो. ८९८च्या जागेत दीड लिटर कोंबायचं म्हणजे दाब आला. साडेपाच हजार आरपीएमला अर्धा बार दाब धरला तर नुसत्या हवेच्या कामालाच सात किलोवॉटच्या आसपास लागतात. गळती आणि उष्णतेतलं नुकसान धरलं की दहाच्या वर. एका स्प्लेंडरचं पूर्ण इंजिन यापेक्षा कमी ताकद देतं. ती सगळी ताकद वीसेक मिलिमीटर रुंदीच्या रबरी पट्टीतून एका लहानशा पुलीत उतरते.

साध्या गाडीत थोडा ढिला बेल्ट वर्षभर चालून जातो, इथे चालत नाही, त्याचं कारण हे. पुलीवर बेल्टची पकड दोन गोष्टींवर ठरते, ताण आणि वेढा. बैल बांधताना दाव्याचे दोन वेढे खुंट्याला टाकले की ओढणारा बैलही एका हाताने धरता येतो, एकच अर्धा वेढा असेल तर दावं सरकतं. सुपरचार्जरची पुली लहान, तिच्यावर वेढाही थोडाच, आणि ओढ सगळ्यांत जास्त. टेन्शनरची स्प्रिंग जरा मंदावली की सगळ्यात आधी सुटते ती हीच पुली.

आवाज कधी येतो, ते लिहून ठेवा

पाना उचलण्याआधी दोन दिवस नुसतं ऐका आणि मोबाइलमध्ये नोंद करा.

थंड, ओल्या सकाळी सुरू करताना किंकाळी येऊन मिनिटभरात थांबत असेल, तर बेल्ट घासून गुळगुळीत झालाय किंवा ताण कमी आहे. रात्रभर गाडी उभी राहिली की बॅटरी थोडी उतरलेली असते, अल्टरनेटरवर सुरुवातीला भार जास्त येतो आणि बेल्ट तिथे सरकतो. स्टिअरिंग जागेवर पूर्ण वळवताना आवाज येत असेल तर स्टिअरिंगचा पंप बघा. एसी चालू केल्याक्षणी येत असेल तर एसी.

सुपरचार्जरचं मात्र वेगळं आहे. गाडी न्यूट्रलला असते तेव्हा त्याने ढकललेली हवा बायपास फ्लॅपमधून मागे फिरते, त्यामुळे त्याच्यावर फारसा भार नसतो. पार्किंगमध्ये उभं राहून रेस देऊन "बघा, काहीच आवाज नाही" म्हणणाऱ्या मिस्त्रीचं ऐकू नका. सुपरचार्जरची पुली सरकते ती चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर तळाला टेकल्यावर. आवाज चार हजार आरपीएमच्या वर सुरू होतो आणि पाय उचलला की लगेच थांबतो. सोबत बूस्ट, म्हणजे सुपरचार्जरने दिलेला हवेचा दाब, कमी पडतो आणि गाडी पुढे झेपावत नाही. (ताकद कमी होण्याला फाटलेली होज किंवा अडकलेला बायपास फ्लॅपही कारण असतो, पण त्यात किंकाळी नसते.)

अजून एक जागा आहे, गिअर बदलतानाची. इंजिनचा वेग झटकन उतरतो, पण सुपरचार्जरचे जड रोटर आपल्याच जोरावर फिरत राहतात आणि क्षणभर तेच बेल्टला ओढतात. एरवी ताणलेली बाजू ढिली पडते. अशा वेळी 'चिक' असा एकच आवाज आला तर संशय टेन्शनरवर घ्या.

किंकाळी आणि चिरचिर या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. किंकाळी लांब आणि चढत जाणारी, ती सरकल्याची. चिरचिर तालात येते, आयडलवर (अॅक्सिलरेटरला पाय न लावता इंजिन चालू असताना), पाखरासारखी. ती बहुधा पुली एका रेषेत नसल्याची. आणि खर्र-खर्र, गुरगुर असेल तर बेअरिंग. थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड होत असेल तर तो बेल्ट नाहीच. या इंजिनाची टायमिंग चेन ताणली जाते, हा त्याचा माहीत असलेला दोष आहे, आणि ती खडखड ऐकून बेल्ट बदलत बसलात तर पुढचा खर्च फार मोठा येतो.

पाण्याची परीक्षा

फुलझाडांवर पाणी मारायची स्प्रे बाटली घ्या, आत साधं पाणी. बाह्या वर, ओढणी-मफलर नको, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. इंजिन आयडलवर, हेडलाइट आणि एसी चालू. हातभर लांबून बेल्टच्या रेघांच्या बाजूवर दोन-तीन फवारे.

आवाज लगेच थांबला आणि पाणी सुकल्यावर परत आला, तर पुल्यांची रेष चुकली आहे. आवाज वाढला, तर बेल्ट सरकतोय, म्हणजे ताण कमी किंवा बेल्ट झिजलेला. काहीच फरक नाही, तर बेअरिंगकडे वळा. दहा सेकंदांत होणारी ही परीक्षा मी नवा बेल्ट विकत घेण्याआधी केली असती तर तो खर्च वाचला असता.

बाटलीत पाण्याशिवाय काही घालू नका. गंजाचा स्प्रे नको, साबण नको, बेल्ट ड्रेसिंग तर नकोच. गावाकडच्या पिठाच्या गिरणीत चपट्या पट्ट्याला राळ चोळायचे ते मी पाहिलंय. तो पट्टा कापडाचा आणि पुली सपाट, तिथे ते चालायचं. रेघांच्या बेल्टवर तो चिकटपणा धूळ धरतो, रेघा बुजवतो, आणि आठवड्याने आवाज दुप्पट होऊन परत येतो.

इंजिन बंद करून पाहणी

गाडी पूर्ण गार होऊ द्या. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून किल्ली काढून खिशात ठेवा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. मग टॉर्च लावून बेल्टचा पूर्ण रस्ता पाहा आणि फोटो काढा. एक नव्हे, चार कोनांतून चार. बेल्ट काढल्यावर तो कुठल्या पुलीच्या वरून आणि कुठल्या खालून जात होता हे कुणालाच आठवत नाही.

जुने बेल्ट चिरा पडून मरायचे, म्हणून मिस्त्री आजही चिरा शोधतात आणि "पट्टा ठीक आहे" म्हणतात. आताचे बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात. त्यांना चिरा सहसा पडत नाहीत, टायरसारखे ते झिजतात. रेघांमधल्या खाचा रुंद आणि खोल होत जातात आणि बेल्ट पुलीच्या खाचांच्या तळाला टेकायला लागतो. पकड खरं म्हणजे रेघांच्या तिरक्या भिंतींवर असते, तळाला टेकलेला बेल्ट नुसता सरकतो. बोटाने चाचपून पाहा. नव्या बेल्टची रेघ बोथट टोकाची आणि मऊ लागते, जुन्याची धारदार. खाचांत काळ्या गोळ्या दिसल्या तर ती बेल्टचीच झिजून निघालेली भुकटी. एकाच बाजूची कडा सुटलेली, सुताचे धागे बाहेर आलेले असतील तर रेष चुकली आहे.

आता माझ्या गाडीचं दुखणं सांगतो. बेल्टची पाठ, म्हणजे सपाट बाजू, टॉर्चमध्ये चमकत होती. बोट फिरवलं तर चहाच्या रंगाचा पातळ ओशटपणा. वर नजर नेली. सिलिंडर हेडच्या पुढच्या तोंडावर कॅमशाफ्टचे दोन मॅग्नेट बसतात, गोल, वायरिंगचा प्लग लावलेले. एकाच्या खालच्या कडेला मधासारखा थेंब लोंबत होता. पुसला, गाडी घरी आणून रात्रभर उभी केली, सकाळी पुन्हा थेंब. तो थेंब पंख्याच्या वाऱ्याने उडून बेल्टवर पडायचा. आधीचा नवा बेल्ट याच तेलात न्हाला होता, पुढचाही न्हाला असता. हे मॅग्नेट या इंजिनावर गळतात. तेल आतून वायरिंगमध्ये शिरून पुढे कॉम्प्युटरपर्यंत सरकतं, म्हणून प्लग काढून आत तेल आहे का तेही पाहा. तेल लागलेला बेल्ट धुऊन परत लावू नका. रबर तेल पितं.

शेवटची एक खूण. क्रँकच्या पुलीत आतला डबा (मधला, क्रँकला बसणारा भाग) आणि बाहेरची कडा यांच्यामध्ये रबर असतं. डब्यापासून कडेपर्यंत खडूने एक सरळ रेघ ओढून ठेवा. गाडी एकदा फिरवून आणल्यावर रेघ तुटून दोन तुकडे दोन जागी दिसले, तर रबर सुटलं आहे आणि कडा डब्यावर घसरते आहे. बेल्ट नवा, टेन्शनर नवा, तरी बूस्ट कमी, अशा कहाण्यांच्या मुळाशी कधी कधी हेच असतं. ती पुली बदलायचं काम मात्र घरी करू नका.

बेल्ट काढा आणि प्रत्येक पुली हाताने फिरवा

टेन्शनरच्या हातावर पाना बसेल असं डोकं असतं. लांब टॉमी (दांडा) लावून सावकाश, स्प्रिंगच्या विरुद्ध दिशेने फिरवा. धक्का देऊ नका, हात सटकला तर बोटं पुलीवर आपटतात. ताण सुटला की वरच्या, सहज हाती येणाऱ्या गुळगुळीत पुलीवरून बेल्ट सरकवा आणि टेन्शनर हळूच परत सोडा. तो परत येताना कसा येतो ते याच वेळी जाणवतं. एकसारख्या जोराने, तेलात बुडवल्यासारखा यायला हवा. मधेच अडकला, झटक्याने सुटला किंवा हात आजूबाजूला डुलला, तर टेन्शनर संपला.

आता प्रत्येक पुली फिरवा. आयडलर एका बोटाने फिरवला की नीट बेअरिंग दोनेक फेरे जडपणे, आवाज न करता फिरतं, कारण आत ग्रीस आहे. भिरभिरत दहा-बारा फेरे फिरला तर खूश होऊ नका, ग्रीस वाळलं आहे. पाट्यावर वरवंटा फिरवल्यासारखी खरखर बोटांना जाणवली तर तो बदला. पुली दोन्ही कडांना धरून हलवा, डुगडुग नको.

अल्टरनेटरच्या पुलीत बऱ्याच गाड्यांत एकाच दिशेने धरणारा क्लच असतो. आतला भाग धरून पुली फिरवली तर एका बाजूला मोकळी फिरते, दुसऱ्या बाजूला धरते. दोन्हीकडे धरली किंवा दोन्हीकडे मोकळी झाली तर ती गेली. या एका पुलीमुळे टेन्शनर सतत थरथरतो आणि लोक टेन्शनर बदलत राहतात.

सुपरचार्जरची पुली एकसारखी, किंचित जड फिरायला हवी. पुढच्या नाकाडाच्या सीलपाशी ओलसर तेल दिसलं तर त्याचं स्वतःचं तेल गळतंय. ते इंजिनच्या तेलापासून वेगळं असतं आणि मोजकंच. सुपरचार्जरमधून आयडलवर खुळखुळ येत असेल तर नाकाडातला कपलर, म्हणजे पुली आणि रोटर जोडणारा भाग, झिजलेला असू शकतो. १९९६च्या एसएलके २३० मधल्या जुन्या इंजिनावर सुपरचार्जरला एसीसारखा मॅग्नेटिक क्लच आहे. तो लागताना होणारी 'चिक' वेगळी, तिचा बेल्टशी संबंध नाही.

आवाज नेमका कुठून येतो हे अजूनही कळत नसेल तर बॅटरी जोडा, बेल्ट न लावता इंजिन आयडलवर वीस-तीस सेकंद चालवा. त्याहून जास्त नाही, कारण पाण्याचा पंपही बंद आहे. आवाज गेला तर दुखणं बेल्टच्या रस्त्यातच आहे. राहिला तर चेन, नाहीतर इंजिन.

रेष तपासायला स्टीलची लांब फूटपट्टी दोन पुल्यांच्या तोंडाला टेकवा. एखादी पुली मिलिमीटरभरही आत-बाहेर असेल तर डोळ्याला फट दिसते. अल्टरनेटर किंवा पंप बदलल्यानंतर चिरचिर सुरू झाली असेल तर आधी तीच पुली बघा. स्वस्तातला पार्ट बसवताना एक वॉशर राहून गेलेला असतो.

नवा बेल्ट

जुन्या बेल्टच्या पाठीवर नंबर असतो. समजा ६पीके२१०० लिहिलंय, तर ६ म्हणजे सहा रेघा, पीके म्हणजे ३.५६ मिलिमीटर अंतराची रेघ, आणि २१०० म्हणजे मिलिमीटरमध्ये लांबी. हे उदाहरण आहे, तुमचा नंबर तुमच्याच बेल्टवर वाचा किंवा चासी नंबरवरून काढून घ्या. पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या बाजारात गेलात तर जुना बेल्ट हातात घेऊन जा. "याच्यापेक्षा दहा मिलिमीटर मोठा आहे, चालतो" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. साध्या गाडीत तो चालेलही. इथे टेन्शनर आधीच टोकाला जातो आणि घाटात द्यायला त्याच्याकडे ताण उरत नाही.

जास्त बूस्टसाठी सुपरचार्जरवर लहान पुली बसवलेली गाडी घेतली असेल तर बेल्ट मूळ नंबरचा चालणार नाही, आणि वेढा आणखी कमी झालेला असतो. अशा गाडीत किंकाळी कायमची पाहुणी असते. मला विचाराल तर मूळ पुली परत बसवा.

लावण्याआधी सगळ्या पुल्यांच्या खाचा ब्रेक क्लीनर आणि जुन्या टूथब्रशने साफ करा. क्लीनर जुन्या-नव्या बेल्टवर उडू देऊ नका. आयडलर, टेन्शनर बदलले असतील तर त्यांचे बोल्ट कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच घट्ट करा, आटे अॅल्युमिनियमचे आहेत.

फोटो समोर ठेवून खालून वर बेल्ट लावत या, गुळगुळीत पुली शेवटी. टेन्शनर सोडण्याआधी प्रत्येक रेघांच्या पुलीवर बोट फिरवा. एक रेघ बाहेर लोंबतेय का, हे टॉर्चने दिसत नाही, बोटाला कळतं. मग क्रँक पान्याने चालण्याच्याच दिशेने, समोरून पाहता घड्याळाच्या काट्यासारखा, दोन फेरे फिरवा. उलटा फिरवू नका, चेनवाल्या इंजिनाला ते सोसत नाही. पुन्हा एकदा बोट फिरवा आणि मगच गाडी सुरू करा.

चाचणी सोसायटीच्या फेरीत होत नाही. गाडी गरम करून एखाद्या मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर द्या, मागे कुणी नसताना. परत आल्यावर खडूची रेघ सरळ आहे का, टेन्शनर शांत आहे का आणि बेल्टची पाठ कोरडी आहे का, हे बघा. शंभर किलोमीटरनंतर पाठ पुन्हा एकदा चाचपा.

आणि काढलेला बेल्ट तेलकट नसेल तर फेकू नका. तो, टेन्शनरला बसणारा पाना आणि ते चार फोटो डिकीत ठेवा. या गाडीत बेल्ट तुटला की पाण्याचा पंपही थांबतो. बॅटरीचा दिवा लागला आणि स्टिअरिंग जड झालं तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत ढकलू या असं मनात आणू नका, तिथेच कडेला घेऊन इंजिन बंद करा.